चिक्कीला मळा हवा की सोबत?

वाचकाचं पत्र

ताई, नमस्कार.

आम्ही नाशिकला इंदिरानगरमध्ये तिसऱ्या मजल्यावर राहतो. घरात मी, यजमान, दहा वर्षांचा मुलगा आणि ७४ वर्षांच्या सासूबाई. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी यजमान सातपूरहून कामावरून घरी येत होते. त्र्यंबक रोडला एका टपरीच्या आडोशाला त्यांना भिजलेली कुत्री दिसली. गुळाच्या रंगाची, लांब कानांची, गळ्याला तुटक्या दोरीचा वळ. ते तिला स्कूटरवर पुढ्यात घेऊनच आले. डॉक्टर म्हणाले, कॉकर स्पॅनियल आहे, वय दीडेक वर्ष. त्यांनी रेबीजची लस दिली. मुलाने नाव ठेवलं चिक्की.

गोड आहे हो, पण एक मिनिट स्वस्थ बसत नाही. सोफ्याची उशी फाडली, चपला खाल्ल्या, दार उघडलं की जिन्यात धूम. खेळताना मुलाच्या हाताला दात लागतात, एकदा रक्तही आलं. परवा अंगावर उडी मारली आणि सासूबाई पडता पडता वाचल्या. त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन डिसेंबरात आहे. सोसायटीचे सेक्रेटरी म्हणतात, दसऱ्यापर्यंत सोय करा.

मी व्हॉट्सॲपवर ‘अतिशय शांत, गोड स्पॅनियल, फुकट देणे आहे’ असं टाकलं, तर चौघांनी विचारलं. एक दिंडोरीकडचे द्राक्षबागायतदार, चार एकर मळा, राखणीला हवी म्हणतात. दुसरं पाथर्डी फाट्याचं नवीन जोडपं, दोघंही नोकरीला. तिसरे गंगापूर रोडचे ६७ वर्षांचे निवृत्त गृहस्थ, जुन्या घरात वरच्या दोन खोल्यांत एकटे राहतात, खाली लेक-जावई आणि नात. चौथ्याने फोनवर एवढंच विचारलं की मादी आहे ना, नसबंदी झालेली नाही ना. यजमान म्हणतात मळ्यावर द्या, मोकळी हुंदडेल. मला काही सुचत नाही. मुलगा तर माझ्याशी बोलतच नाही.

एक वाचक, इंदिरानगर

उत्तर

ताई,

आधी मुलाच्या हाताचं. रक्त आलं तेव्हा डॉक्टरांना दाखवलं होतं का? नसेल तर हे वाचून झाल्यावर लगेच जा. चिक्कीला लस तुमच्याकडे आल्यावर मिळाली, त्याआधीचं तिचं काहीच आपल्याला माहीत नाही. चावल्यानंतर दहा दिवस कुत्रा ठणठणीत राहिला तर त्या चाव्यापुरता धोका टळला असं धरतात, पण ते ठरवायचं डॉक्टरांनी, आपण नाही. यापुढे खेळताना जरी दात लागून कातडी फाटली तरी जखम वाहत्या पाण्याखाली साबण लावून पंधरा मिनिटं धुवायची आणि दवाखाना गाठायचा. रेबीजच्या बाबतीत थोडीही चालढकल नको.

आता सेक्रेटरींचं. दसऱ्याची मुदत मनातून काढून टाका. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५ मध्ये सोसायट्यांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. सभेत बहुमताने ठराव केला तरी पाळीव कुत्र्यावर सरसकट बंदी घालता येत नाही, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. तुमच्या बाजूने लसीकरणाची वही दाखवा, महापालिकेत नोंदणी करा, जिन्यात आणि आवारात तिला पट्ट्याशिवाय सोडू नका, तिने केलेली घाण स्वतः उचला. हे सगळं नीट करून मग शांतपणे सांगा की आम्ही घर शोधतोय, दिवाळीनंतर ती जाईल. भांडायला जाऊ नका, तुम्हाला फक्त वेळ हवा आहे. घाईत दिलेलं घर कुत्र्याला किती महाग पडतं, ते मी पाहिलेलं आहे.

बारा वर्षांपूर्वी माझ्याकडे असाच एक तरुण कुत्रा आला होता. एका ओळखीच्यांचा बंगला होता, मोठं आवार, पेरूची झाडं. मला वाटलं, याहून चांगलं काय मिळणार? एका भेटीत ठरवलं आणि देऊन मोकळी झाले. पाच महिन्यांनी सहज गेले, तर तो पाण्याच्या टाकीजवळ साखळीला होता. साखळी जेवढी पोचते तेवढी माती उकरलेली, गळ्याचे केस गेलेले. ती माणसं दुष्ट नव्हती. सकाळी सगळे कामाला जायचे, संध्याकाळी दमून यायचे, आणि तो उड्या मारतो म्हणून बांधून ठेवायचे. त्याला परत घेऊन आले. तेव्हापासून घर बघायला गेले की मी आवार बघत नाही. विचारते, मंगळवारी सकाळी अकरा वाजता घरात कोण असतं?

तुमच्या पत्रात चिक्कीच्या ज्या खोड्या आहेत, त्या तिच्या जातीशी ताडून बघा. ‘कॉकर’ हे नाव वूडकॉक या पक्ष्यावरून पडलं. झुडपात दडलेले पक्षी हुंगून उठवायचे, तेही शिकाऱ्यापासून फार लांब न जाता, याच कामासाठी ही जात घडवली गेली. म्हणजे दोन गोष्टी तिच्या रक्तातच आहेत: दिवसभर नाकाने काम करायचं आणि माणसाच्या आसपास राहायचं. तिसऱ्या मजल्यावर तिला यातलं काय मिळतं? सकाळ-संध्याकाळ इमारतीला एक फेरी, तीही ओढत-ओढत. मग ती उशीतला कापूस उकरून बघणारच.

म्हणून ती तुमच्याकडे आहे तोवर एवढं करा. सकाळी रहदारी वाढायच्या आत, जॉगिंग ट्रॅकच्या बाजूच्या रस्त्याने पाऊण तास तिला न्या आणि हुंगू द्या. ‘चल चल’ करून ओढू नका, एकेका खांबापाशी दोन मिनिटं गेली तरी चालेल. गळ्यातल्या पट्ट्याऐवजी छातीचा पट्टा घ्या, मानेवरचा जुना वळही भरून येईल. रिकाम्या मैदानात दहा मीटरची सुती दोरी लावून पळू द्या, हाकेला आली की तोंडात खाऊचा तुकडा. घरी जुन्या टॉवेलच्या घड्यांत भाकरीचे तुकडे लपवून द्या, वीस मिनिटं ती त्यातच गुंतेल आणि नंतर झोपेल. नाकाने केलेल्या कामाने कुत्रा पळण्याइतकाच थकतो.

आणि दार उघडायच्या आधी ‘बस’. बसली तरच दार उघडायचं. अंगावर उडी मारली की सगळ्यांनी पाठ फिरवायची, रागवायचंसुद्धा नाही, कारण तिच्या लेखी रागावणं हीदेखील दखलच असते. सासूबाई उठून चालणार असतील तेव्हा तिला दुसऱ्या खोलीत ठेवा किंवा पट्ट्याला धरा. हे शिकवणं त्यांच्या हाडांवर सोडायचं नाही. दोन-तीन आठवड्यांत ती पूर्ण बदलणार नाही, पण ‘बस’ म्हटल्यावर बसणारी चिक्की दाखवता येईल, आणि घर मिळायला त्याची फार मदत होते.

तिला कुणी शोधत असेल का, हेही एकदा पाहून घ्या. काही पाळीव कुत्र्यांच्या कातडीखाली ओळखीची चिप बसवलेली असते; डॉक्टरांकडे ती वाचायचं यंत्र असेल तर मानेवरून फिरवून बघायला सांगा. सातपूर आणि त्र्यंबक रोडच्या दवाखान्यांत विचारा. फोटो टाकताना तिची एखादी खूण मुद्दाम लपवून ठेवा. जो ‘माझी आहे’ म्हणेल त्याने ती खूण सांगावी, जुने फोटो आणि लसीची वही दाखवावी. दोरीचा वळ बघता मला फारशी आशा नाही. पाळलेल्या जनावराला कारण नसताना सोडून देणं हा १९६० च्या कायद्याने गुन्हा आहे, तरी पावसाळ्यात अशी कुत्री रस्त्यावर दिसतातच.

दवाखान्याच्या कामात मुख्य तीन गोष्टी. पहिली, कान. स्पॅनियलचे कान लांब, जड, केसाळ असतात, आत हवा खेळत नाही. पावसाळी दमटपणात तिथे बुरशी आणि जंतू वाढतात. ती सारखं डोकं झटकत असेल, कानाला वास येत असेल, तपकिरी मळ दिसत असेल, तर डॉक्टरांकडून तपासून घ्या. घरी काड्या घालू नका, तेल तर मुळीच नको. अंघोळीनंतर कान आतून कोरडे करा. जेवणाचं भांडं अरुंद आणि खोल घ्या म्हणजे कान बाहेर राहतात. दुसरी, गोचीड. रस्त्यावर राहिलेली आहे, तेव्हा गोचीडतापासाठी रक्त तपासून घ्या. ती खेळकर दिसली तरी हा आजार अंगात दबून असू शकतो, आणि नव्या घरी गेल्यावर आठवड्यात ती आजारी पडली तर त्या लोकांना वाटतं आपल्याला फसवलं. रेबीजखेरीज बाकीच्या रोगांची एकत्रित लस आणि जंताचं औषधही डॉक्टर सांगतील तसं पूर्ण करा.

तिसरी, नसबंदी. चौथ्या फोनचा प्रश्न पुन्हा वाचा. चिक्की कशी आहे, काय खाते, कशाला घाबरते, यातलं काही त्याने विचारलं नाही. मादी आहे ना आणि पिल्लं होतील ना, एवढंच त्याला हवं होतं. अशा माणसाकडे ती गेली तर दर माजाला पिल्लं काढली जातील, आणि शरीर थकलं की पुन्हा एखाद्या टपरीखाली येईल. कदाचित ती तिथूनच आली असेल. डॉक्टरांना पोट तपासायला सांगा. आधी ऑपरेशन झाल्याची खूण आहे का, आत्ता गाभण आहे का, हे कळेल. यातलं काहीच नसेल तर नसबंदी करून, टाके काढूनच तिला द्या. खर्च नव्या घराने उचलला तरी हरकत नाही, पण ‘नंतर करून घेतो’ यावर विसंबू नका. त्या गृहस्थाचा नंबर ब्लॉक करा.

आता तुमची जाहिरात. ताई, ‘अतिशय शांत’ हे खरं नाही, आणि ‘फुकट’ या शब्दाला नको ती माणसं धावून येतात. दानात मिळालेल्या गाईचे दात घेणाऱ्याने बघू नयेत म्हणतात, पण इथे देणाऱ्यानेच सगळे दात मोजून दाखवायला हवेत. मी असं लिहीन:

*‘चिक्की. कॉकर स्पॅनियल, मादी, वय अंदाजे दीड वर्ष. रस्त्यावर सापडली. लसीकरण व नसबंदी झालेली. माणसांवर अतोनात जीव. खूप चपळ आहे, रोज किमान तासभर फिरवावं लागेल. आनंदात अंगावर उड्या मारते, एकटी राहिली तर वस्तू चावते, दार उघडं दिसलं तर पळते. ‘बस’ शिकली आहे, बाकी शिकते आहे. केस विंचरणं आणि कानांची निगा आयुष्यभर लागेल. साखळीला बांधणाऱ्यांना, राखणीसाठी किंवा पिल्लांसाठी देणार नाही. आधी तुमचं घर बघू, तुम्ही आमचं बघा.’*

हे वाचून दहातले नऊ जण फोन करणार नाहीत. ज्याला शांत कुत्रा हवा होता, त्याने तिला महिन्याभरात परत आणून सोडण्यापेक्षा आत्ताच फोन न केलेला बरा.

मळ्याचं बोलू, कारण तुमच्या यजमानांचं मन तिथे आहे आणि त्यांची इच्छा चांगलीच आहे. चार एकर म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर धावणारा कुत्रा येतो. पण दिंडोरी, निफाड, सिन्नर हा सगळा बिबट्यांचा पट्टा आहे. उसात बिबटे राहतात, आणि वस्तीवर रात्री बाहेर असलेलं कुत्रं ही त्यांची सोपी शिकार. बांधलेलं असेल तर पळताही येत नाही. तेरा-चौदा किलोची, आला-गेला त्याच्यापुढे शेपूट हलवणारी ही पोर राखण कुणाची करणार? त्यात द्राक्षबाग. द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडांना घातक असतात, थोडी खाल्ली तरी जिवावर बेतू शकतं, आणि काढणीच्या दिवसांत बागेत घडांखाली मण्यांचा सडा पडलेला असतो. ऑक्टोबर छाटणीनंतर फवारण्या सुरू होतात. नाक जमिनीला लावून फिरणारं जनावर ते सगळं चाटून घेणार.

म्हणून मळेवाले वाईट, असं मी म्हणत नाही. आपल्या जिल्ह्यात मळ्यावरच्या घरांत कुत्र्यांना पोटच्या पोरासारखं जपणारी माणसं मी पाहिली आहेत. त्या दादांना एक प्रश्न विचारा: ‘चिक्की रात्री कुठे झोपेल?’ ‘घरात, आमच्याजवळ’ असं उत्तर आलं तर पुढे बोला. ‘शेडमध्ये’ किंवा ‘दारात’ आलं तर हात जोडून नाही म्हणा. राखणीला हवी म्हणालेत, तेव्हा उत्तर काय येईल याचा अंदाज मला आहे.

द्राक्षांवरून आठवलं, तुमच्या घरातही बघा. कांदा आणि लसूण, कच्चे असोत की शिजलेले, कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात. आपल्याकडे उरलेली आमटी भाकरीत कुस्करून घालायची सवय असते. ती आजपासून बंद. साधी भाकरी किंवा भात, सोबत बिनमसाल्याचं उकडलेलं अंडं किंवा चिकन चालेल.

पाथर्डी फाट्याचं जोडपं मनाने चांगलं असेल. पण दोघंही सकाळी नऊला बाहेर आणि रात्री आठला घरी असतील, तर चिक्की अकरा तास एकटी राहील. दीड वर्षाच्या स्पॅनियलला ते झेपणार नाही, आणि महिन्याभरात त्यांनाही झेपणार नाही. एकाचं काम घरून असेल किंवा दुपारी कुणी येणार असेल तर गोष्ट वेगळी, तेवढं विचारून घ्या.

राहिले गंगापूर रोडचे काका. तुम्ही त्यांच्याबद्दल मोजकंच लिहिलंत: वय, दोन खोल्या आणि खाली लेकीचं घर. खोल्यांचं मला काहीच वाटत नाही. माणूस घरात असेल तर स्पॅनियल त्याच्या पायाशी चार फुटांत राहते. मला विचारायचं आहे ते असं: सकाळी फिरायला जातात का, किती चालतात? पूर्वी कुत्रा होता का, आणि तो म्हातारा झाल्यावर काय केलं? गुडघे कसे आहेत, जिना किती उभा आहे? वयाचा प्रश्न खरा आहे. ही जात बारा ते चौदा वर्षं जगते, म्हणजे चिक्की म्हातारी होईल तेव्हा काका ऐंशीला टेकलेले असतील. म्हणून एकट्या काकांशी बोलू नका, खालच्या मजल्यावर लेकीकडे चहाला बसा. ‘बाबांना जमेनासं झालं तर चिक्की आमची’ हे लेकीने आणि जावयाने आपणहून म्हणायला हवं. बाबांची करमणूक म्हणून नुसतं हसून सोडून दिलं तर थांबा. नातीचं वय काय, ती कुत्र्याला घाबरते का, हेही बघा. गंगापूर रोडच्या बाजूलाही बिबटे दिसले आहेत, तेव्हा रात्रीची शेवटची फेरी पट्ट्यानेच आणि दिव्याखालीच, हे त्यांनाही सांगा.

ही उत्तरं ठीक आली तर माझं मत काकांच्या बाजूने आहे. दिवसभर घरात एक माणूस, खाली धावायला एक लहान मूल, संध्याकाळी तरणी माणसं. चार एकरांपेक्षा चिक्कीला हे जास्त मिळेल.

पण एका भेटीत देऊ नका. काकांना आधी दोनदा तुमच्याकडे बोलवा, तिला फिरवू द्या, ती ओढते तेव्हा त्यांचा तोल सांभाळला जातो का बघा. मग तुम्ही तिला घेऊन त्यांच्याकडे जा. गच्चीचा कठडा, जिन्याचं दार, फाटकाची फट पाहून घ्या. दिवाळीच्या आत पाठवू नका. नव्या घरात, अनोळखी माणसांत पहिला सुतळी बॉम्ब ऐकला की असे कुत्रे फाटक ओलांडून जातात आणि परतीचा रस्ता त्यांना माहीत नसतो. भाऊबीज झाल्यावर, सुट्टीच्या दिवशी सकाळी न्या. पहिले पंधरा दिवस चाचणीचे ठरवा. एका कागदावर लिहून दोघांनी सह्या करा की जमलं नाही तर चिक्की तुमच्याकडेच परत येईल, परस्पर कुणाला दिली जाणार नाही. सासूबाईंचं ऑपरेशन डिसेंबरात आहे, म्हणजे ती परत आलीच तरी दुसरं घर बघायला थोडे दिवस हाताशी राहतील.

सोबत तिची चादर न धुता द्या, तिला ओळखीचा वास लागतो. आठवडाभर पुरेल एवढं तिचं नेहमीचं खाणं द्या, नाहीतर पोट बिघडतं. पट्ट्यावर काकांचा आणि तुमचा, दोन्ही नंबर हवेत. पहिले तीन दिवस ती कोपऱ्यात बसेल किंवा जेवणार नाही, काकांना सांगून ठेवा म्हणजे ते घाबरणार नाहीत. रुळायला तीन आठवडे आणि घर आपलं वाटायला तीन महिने, असं साधारण धरतात.

तुम्ही तिला ठेवू शकत नाही, याची टोचणी तुमच्या पत्रात ओळीओळीत आहे. ताई, पावसात भिजणारं जनावर तुमच्या यजमानांनी उचलून आणलं, तुम्ही पाच-सहा आठवडे फाटक्या उशा शिवत तिला सांभाळलंत. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या बाईच्या पायात उड्या मारणारा कुत्रा असू नये, हे बरोबरच आहे. त्यात कुणावर अन्याय नाही.

मुलाला ‘नवीन आणू’, ‘विसरशील’ असं काही म्हणू नका. त्याला एक शंभर पानी वही द्या आणि सांगा की चिक्कीबद्दल सगळ्यात जास्त तुला माहीत आहे, ते काकांना लिहून द्यायचं आहे. कुठे खाजवलेलं आवडतं, कशाला घाबरते, झोपताना कोणत्या कुशीवर वळते. घर ठरवताना त्याला बरोबर न्या, आणि त्याला काका आवडले नाहीत तर का ते ऐकून घ्या. गेल्यावर पहिले तीन आठवडे भेटायला नको, तिला तिथे रुजू दे. नंतर खुशाल जा. आणि तो तिला बोलावताना हाक मारतो की शिट्टी वाजवतो, ते मला पत्रात कळलं नाही. जे असेल ते त्याने काकांना आत्तापासून शिकवायला घ्यावं. दिवाळीपर्यंत त्यांना जमायला हवं.